एका बेडरूमच्या घरात कामाची जागा कुठे आणि कशी करावी?

रेघोटी
नमस्कार मंडळी. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद आणि मुद्रितशोधन करते, पूर्णवेळ आणि घरूनच. विम्याची कागदपत्रं, औषधचाचण्यांची संमतिपत्रं, मधूनच शालेय पुस्तकं असं काम असतं. आजवर जेवणाच्या टेबलावर बसत आले. आता मान आणि उजवा खांदा सतत धरलेला असतो. फिजिओथेरपीच्या ताईंनी व्यायाम दिले आहेत, पण बसायची जागा बदलल्याशिवाय त्यांचा फार उपयोग होणार नाही असंही स्पष्ट सांगितलंय.

घर पुण्यात, सिंहगड रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. हॉलमध्ये टीव्ही आणि आठवीतल्या मुलाचा अभ्यास. बेडरूममध्ये सासूबाई दुपारी दोन ते चार पडतात. बेडरूमची खिडकी उत्तरेच्या भिंतीत आहे आणि तिला लागून असलेल्या पूर्वेच्या भिंतीला, कपाटाच्या अलीकडे, साडेचार फूट जागा मोकळी आहे. दुसरा पर्याय म्हणजे हॉलची पश्चिमेकडची गॅलरी. काचा लावून बंद केलेली, नऊ बाय साडेतीन फूट. घरात सगळ्यांचं म्हणणं की गॅलरी घे, स्वतंत्र आहे. बजेट खुर्चीसकट ३०,००० रुपये. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, तेव्हा नेटही जातं, आणि मुदतीचं काम असलं की फार ताण येतो. अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

गॅलरीतली_तुळस
रेघोटीताई, गॅलरीचा मोह टाळा, अगदी कळकळीने सांगते. पश्चिमेची काचबंद गॅलरी मार्च ते मे दुपारी दोननंतर भट्टी होते. ऊन काचेतून आत येतं, फरशी आणि भिंत तापते, आणि ती उष्णता काचेतून सहजासहजी परत बाहेर जात नाही. आतून पडदा लावून फारसं साधत नाही, कारण ऊन तोवर आत आलेलं असतं. काचेच्या बाहेरून बांबूची चीक (पट्ट्यांचा पडदा) सोडली तर फरक पडतो, पण तिसऱ्या मजल्यावर वाऱ्यापावसात ती टिकवणं सोपं नाही. पावसाळ्यात सरकत्या खिडकीच्या खाचेत पाणी साचतं आणि जोराची झड आली की आत येतं. टेबलावर लॅपटॉप आणि छापील प्रुफं असताना ही जोखीम कशाला घ्यायची?

उत्तरेची खिडकी हे तुमच्या घरातलं भाग्य आहे. तिथून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरीप येते तेवढीच. बाकी वर्षभर उजेड शांत आणि सारखा राहतो. नजरेचं काम करणाऱ्याने ही खिडकी सोडू नये.

पूर्वाभिमुख
वास्तुशास्त्राप्रमाणे काम करताना तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावं. आमच्या घरी हे पाळतात आणि मला त्याचं समाधान आहे. ताईंनी खिडकीकडे तोंड करून बसावं असं सुचवेन.

गॅलरीतली_तुळस
पूर्वाभिमुख, तुमच्या श्रद्धेचा मान ठेवून एकच भर घालते. खिडकीकडे तोंड केलं तर कॉम्प्युटरच्या पडद्याच्या मागे लख्ख उजेड आणि पडदा त्यामानाने काळा, असं होऊन डोळे दिवसभर दोन्हींशी जुळवून घेत राहतात. खिडकी पाठीमागे असली तर तिचं प्रतिबिंब पडद्यावर. म्हणून खिडकी बाजूला हवी. रेघोटीताईंनी पूर्वेच्या भिंतीला टेबल लावलं तर तोंड पूर्वेला आणि उत्तरेची खिडकी डाव्या हाताला येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून उजेड असावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. दोघांचंही साधलं.

पूर्वाभिमुख
हे लक्षात आलं नव्हतं. अनुमोदन.

सुतारपक्षी
फर्निचरच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. रेघोटीताई, तुमची उंची किती? हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि दुकानात तो कुणी विचारत नाही.

रेघोटी
पाच फूट एक इंच.

सुतारपक्षी
मग खांदा का दुखतो ते इथेच कळतंय. जेवणाचं टेबल असो की बाजारातलं तयार कॉम्प्युटर टेबल, उंची २९ ते ३० इंच असते. पाच फूट एक इंच उंचीची व्यक्ती पाय जमिनीवर सपाट टेकवून बसली की कोपर जमिनीपासून साधारण २४-२५ इंचांवर येतं. म्हणजे टेबल चार-पाच इंच उंच. टाईप करताना तुम्ही खांदे वर उचलून धरता आणि तसेच तासन्‌तास राहता. माऊसचा हात उजवा, म्हणून उजवा खांदा आधी बोलतो.

यावर दोन मार्ग. टेबल २९ इंची घ्यायचं, खुर्ची वर घ्यायची आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली चार इंचांचा पाट ठेवायचा. घरात जेवायला बसायचा जुना पाट असेल तर त्याला खालून पट्ट्या मारून उंची करता येते, विकतच्या फूटरेस्टची गरज नाही. दुसरा मार्ग, टेबल २६ इंचांचंच करून घ्यायचं. त्या टेबलावर फक्त तुम्हीच बसणार असाल तर दुसरा मार्ग उत्तम. घरातली उंच माणसंही बसणार असतील तर पहिला.

टेबलाची लांबी ४२ इंच पुरे. साडेचार फुटांत कपाटाच्या बाजूला एक फूट सुटेल, कपाटाचं दार उघडताना अडणार नाही. पुढून मागे टेबल २४ इंचांपेक्षा कमी करू नका. तयार टेबलं १८ इंची मिळतात, ती घेतली की पडदा नाकाजवळ येतो. पडदा हात सरळ केल्यावर बोटं टेकतील इतका लांब हवा, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. वाचायला प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी थोडा खाली, नाहीतर माणूस हनुवटी वर करून वाचत राहतो आणि मान जाते. लॅपटॉपवर हे कधीच जुळत नाही, कारण कीबोर्ड आणि पडदा एकाच बिजागरीला जोडलेले. लॅपटॉप स्टँडवर चढवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या. एवढ्यानेच अर्धं दुखणं कमी होईल.

प्लाय १९ मिलिमीटरचा घ्या, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा. एमआर (नुसती ओल सोसणारा) दर्जा स्वस्त असतो, पण खिडकीशेजारी पावसाळी ओल लागते, तिथे तो फुगू शकतो. सनमायका मॅट आणि फिक्या रंगाचा. चकचकीत पांढरा लावला तर दिव्याचा उजेड उलटून डोळ्यात येतो. टेबलाच्या खाली कप्पे करण्याचा आग्रह सुतार धरेल. तुमच्या गुडघ्यासमोर काहीही येऊ देऊ नका.

आता खुर्ची. पैसा इथे जाऊ द्या. बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि खुर्चीची कड यांत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. लहान चणीच्या बायकांना बहुतेक ऑफिस खुर्च्यांची सीट पुढून मागे जास्त लांब पडते, मग त्या पुढे सरकून बसतात आणि पाठीचा आधार नुसताच मागे राहतो. म्हणून सीट पुढेमागे सरकणारी बघा. ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन वीस मिनिटं बसून बघा. कार्यालयं जागा बदलतात तेव्हा चांगल्या प्रतीच्या वापरलेल्या खुर्च्या विकायला येतात, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. तशी घेताना बसून वर उचला आणि थोडा वेळ तसेच बसा. हळूहळू खाली उतरत असेल तर गॅस लिफ्ट, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारी नळी, गेलेली आहे.

कोपऱ्यातला_वाचक
सुतारपक्षींचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

मात्र खाली बसून काम करण्याचाही विचार व्हावा. आमच्या वडिलांनी पेढीवर आयुष्यभर उतरत्या मेजावर, मांडी घालून हिशेब लिहिले आणि पाठ शेवटपर्यंत ताठ होती. मी संपादनाचं कागदावरचं काम तसंच करतो. उतरत्या फळीमुळे कागद नजरेसमोर येतो, मान वाकत नाही.

सुतारपक्षी
कागदासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. उतार होता म्हणून ते मेज चांगलं होतं. लॅपटॉप मात्र बैठ्या मेजावर ठेवला की मान खाली जाते. ताईंनी प्रुफांसाठी टेबलावरच एक उतरती फळी ठेवावी, साधारण २० अंशांची. सुतार उरलेल्या प्लायमध्ये करून देईल.

कुजबुज
मी ऑडिओबुकं आणि जाहिरातींसाठी आवाज देते. घर डोंबिवलीत, रुळांच्या जवळ. माझी गरज वेगळी आहे, पण क्लायंटशी बोलणाऱ्या प्रत्येकाला थोडं तरी उपयोगी पडेल.

भिंतीला फोम लावला की बाहेरचा आवाज थांबतो असं बरेच जण समजतात. फोम फक्त खोलीतला घुमारा शोषतो. बाहेरचा आवाज थांबवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा, खिडकीच्या खाचेत ब्रशची पट्टी बसवा. या दोन गोष्टींना फार खर्च येत नाही आणि फरक लगेच कळतो. घुमाऱ्यासाठी गोधड्या, कपड्यांनी भरलेलं कपाट, पुस्तकांचा रॅक, जाड पडदा हेच पुरेसं. मी कपाटाची दोन्ही दारं उघडून कपड्यांकडे तोंड करून रेकॉर्ड करते. ऑडिओबुकांना शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात, म्हणून पंखा बंद आणि वेळ रात्रीची, शेवटची लोकल गेल्यावरची.

रेघोटीताई, तुमचं काम मुकं आहे हे तुमचं बळ आहे. सासूबाई झोपलेल्या असताना तुम्ही शेजारी बसून टाईप करू शकता. फक्त कीबोर्ड मऊ बटणांचा घ्या, आणि दिव्याचा झोत टेबलावरच पडेल अशी मान वळणारा दिवा घ्या.

रेघोटी
हे वाचून खूप बरं वाटलं. घरात खरा प्रश्न हाच होता की दुपारी दोन तास जागा सोडावी लागेल. फोन त्या वेळात ठेवायचे नाहीत एवढं सहज जमेल.

नारळपाणी
दापोलीहून लिहितोय, वेबसाइटची कामं करतो. विजेबद्दल मी सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या भागातले खांब आडवे झाले, मोबाईलचे टॉवर गप्प झाले आणि घराघरातले इन्व्हर्टर रिकामे झाल्यावर नुसते पेटारे उरले. तेव्हापासून इथल्या घरून काम करणाऱ्यांची मांडणी बदलली. पुण्यातल्या गुरुवारला इतकं लागणार नाही, पण हिशेब तोच.

पहिलं, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. वीज जाताक्षणी मरतो तो राऊटर. त्याला फार तर १०-१५ वॉट लागतात. त्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते पाहून तेवढ्याच मापाचा छोटा राऊटर यूपीएस घ्या. तीन-चार तास निघतात.

दुसरं फार महत्त्वाचं. घरात येणारी नेटची वायर कोणती ते बघा. बारीक फायबर थेट तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत येत असेल तर वाटेत फायबरला फाटे फोडणाऱ्या स्प्लिटरला सहसा वीज लागत नाही, तुमचा यूपीएस कामाला येईल. पण फायबर इमारतीपर्यंतच असेल आणि जिन्यातल्या पेटीतून जाड लॅन केबल घरात येत असेल, तर त्या पेटीतला स्विच, म्हणजे घरोघरी नेट वाटणारा डबा, इमारतीच्या विजेवर चालतो. वीज गेली की तो बंद, मग तुमचा राऊटर जिवंत असून उपयोग शून्य. केबलवाल्याला विचारा, पेटीला बॅकअप आहे का. नसेल तर फायबर घरात ओढून घ्या.

इन्व्हर्टर हवाच असेल तर १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास. ती पूर्ण उतरवायची नसते आणि थोडी वीज इन्व्हर्टरच खातो, म्हणून हजार-अकराशे धरा. पंखा ७०, लॅपटॉप ६०, मॉनिटर २५, राऊटर आणि दिवा मिळून २५, असे १८० वॉट चालवलेत तर साधारण सहा तास. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला की ३०-३५ वॉटवर येतो आणि वेळ वाढतो. ट्यूब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघत राहावं लागतं, आणि ती बेडरूममध्ये ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवा खेळती हवी. तुमची गॅलरी बॅटरीसाठी चालेल, पण काच थोडी उघडी ठेवून आणि ऊन-पाऊस लागणार नाही अशा बाजूला.

आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असू द्या.

तुरीच्या_शेंगा
अकोल्याचा आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप तापला की तो आपोआप वेग कमी करतो, माणूसही करतो. गच्चीवर चुना मारला आणि कूलर लावला तर दिवस निघतो. कूलर लावून दारंखिडक्या बंद करून बसू नये. कूलरची हवा आत येते तेवढी बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर खोली दमट होते आणि अंग चिकटतं. झोत टेबलावर घेऊ नये, डोळे कोरडे पडतात आणि कागद उडतात.

खरं सांगू का, आम्ही जागेपेक्षा वेळ बदलली. उन्हाळ्यात पहाटे पाच ते दहा अवघड काम, दुपारी किरकोळ, संध्याकाळी परत. एकदा गिऱ्हाइकाला हे लेखी कळवलं की कुणी कुरकुर करत नाही. ताई, तुमच्याकडे दोन ते चार हा सासूबाईंचा वेळ आहे, तर अनुवादाचं शांत काम तेव्हाच ठेवा आणि फोन सकाळी अकराच्या आत.

ऱ्हाईनकाठी
जर्मनीतून, कोलोनहून. इथे घरातली कामाची खोली हा सरकारी व्याख्येचा विषय आहे. खोलीचा पूर्ण खर्च करातून वजा करायचा तर ती वेगळी, बंद होणारी आणि जवळजवळ फक्त कामासाठीच वापरली जाणारी असावी लागते, शिवाय तुमच्या कामाचं केंद्र तिथेच असावं लागतं. बेडरूममधला कोपरा चालत नाही, ज्यातून दुसऱ्या खोलीत जावं लागतं अशी खोलीही सहसा चालत नाही. ज्यांच्याकडे तशी खोली नाही त्यांच्यासाठी घरून केलेल्या कामाच्या दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६० युरो अशी सोय आहे, २०२३ पासून. माझ्यासारख्या एका खोलीत राहणाऱ्या भाषांतरकारांना हा मोठा आधार वाटतो. आपल्याकडे असं काही आहे का?

जमाखर्च
करसल्लागार आहे, थोडक्यात सांगतो. दिवसाला अमुक इतके अशी सूट आपल्याकडे व्यावसायिकांना नाही. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने हिशेब ठेवलात तर टेबल-खुर्चीवर वर्षाला १० टक्के आणि कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वस्तूच्या झिजेपोटी वजावट) मिळत आलाय, विजेचा आणि नेटचा कामापुरता वाटाही खर्चात धरता येतो. अनुमानित उत्पन्नाची योजना घेतली तर हे खर्च वेगळे दाखवता येत नाहीत. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४एडीए खाली जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरत, पण ते कलम यादीतल्या व्यवसायांनाच लागू होत असे आणि अनुवादाचा त्या यादीत थेट उल्लेख नव्हता. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे रेघोटीताईंनी आपल्या सीएकडून योजना नक्की करून घ्यावी. बिलं मात्र आजपासून स्वतःच्या नावाने घ्या. सुतारालाही लेखी बिल मागा आणि पैसे बँकेतून द्या. महाराष्ट्रात व्यवसायकराची वर्षाची २,५०० रुपयांची नोंदही विसरू नका.

लोक विचारतात की घरात काम केलं तर वीजमीटर व्यापारी होईल का. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत वकील, डॉक्टर, सीए अशा व्यावसायिकांनी राहत्या घरात केलेलं काम घरगुती दरातच धरलेलं आहे. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्यांनाही महिना ३०० युनिट आणि मागच्या वर्षी ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. एका लॅपटॉपसाठी घाबरायचं कारण नाही.

गॅलरीतली_तुळस
एक राहून गेलं. जागा ठरली की घरच्यांना एकत्र बसवून सांगा, की या टेबलावर इस्त्रीचे कपडे, औषधांच्या बाटल्या, मुलाची प्रोजेक्टची पुठ्ठी काही येणार नाही. जेवणाच्या टेबलावरून रोज पसारा उचलून परत मांडण्यात बाईचा किती वेळ आणि किती जीव जातो, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. टेबल तिचंच राहिलं तर उद्याच्या पानावर पेन्सिल ठेवून उठता येतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

रेघोटी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरात बोलणं झालं. बेडरूमचा पूर्वेचा कोपरा नक्की केला आहे. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं की तुझ्या टाईप करण्याचा मला त्रास नाही, दिवा फक्त डोळ्यावर नको. टेबल ४२ बाय २४, उंची २६ इंच, बीडब्ल्यूआर प्लाय, उतरती फळी वेगळी, सुताराने बिलासकट साडेनऊ हजार सांगितले. खुर्ची वापरलेली बघते आहे, सीट सरकणारी. लॅपटॉपचा स्टँड, कीबोर्ड, दिवा आणि राऊटर यूपीएस धरून बजेटमध्ये बसतंय. केबलवाल्याकडे चौकशी केली. आमच्याकडे जिन्यातल्या पेटीतून लॅन केबलच येते आणि पेटीला बॅकअप नाही. फायबर घरात आणून द्यायला तो तयार आहे.

एक शेवटची शंका. प्रुफं छापायला लेझर प्रिंटर आहे. तो टेबलावर नको हे कळलं, पण कुठे ठेवू, आणि पुढेमागे मोठा यूपीएस किंवा इन्व्हर्टर घेतला तर त्यावर लावू का?

नारळपाणी
लेझर प्रिंटर यूपीएसवर अजिबात नको. आतला रोलर तापवताना तो क्षणभर शेकड्यांनी वॉट ओढतो, छोटा यूपीएस तिथेच बसतो. इन्व्हर्टरच्या लाइनवरही नको. भिंतीतल्या सॉकेटवर थेट लावा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. गुरुवारची प्रुफं बुधवारी रात्री छापून ठेवा.

सुतारपक्षी
प्रिंटर कपाटाच्या बाजूच्या त्या एक फुटात बसणार नाही आणि तिथे ठेवूही नका, दार अडेल. हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटाखाली जागा असेल तर तिथे ठेवा, वायफायने चालेल. मागे चार इंच हवा खेळायला सोडा. आणि सुताराला टेबलाच्या मागच्या कडेला, डाव्या कोपऱ्यापासून सहा इंचांवर, वायरींसाठी दोन इंच व्यासाचं भोक पाडायला आत्ताच सांगा. सनमायका लावल्यावर सांगितलंत तर कड तडकते.